बांधावरचे झाड आणि बंदरावरचे लाकूड

बेळगाव-खानापूर भागात घर बांधायला काढलेल्या माणसाशी बोलत बसलात तर तासाभरात बोलणे लाकडावर येते, आणि लाकडावर आले की भांडणावर. वखारवाले आणि सुतार एका बाजूला. बाहेरून येणारा प्लाय, एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) आणि तयार दरवाजे यांनी धंदा बसवला, आयात बंद करा, निदान जबर कर तरी लावा, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या बाजूला जंगलासाठी मनापासून झटणारी माणसे. ती म्हणतात, येऊ दे की बाहेरून; न्यूझीलंडचा पाइन आणि व्हिएतनामचा प्लाय आला तर आमच्या कणकुंबी-जांबोटीच्या जंगलातले झाड तरी उभे राहील. पावसाळ्याआधी खानापुरात अशाच एका बैठकीला मी तीन तास बसलो होतो. एक बाजू स्वदेशी म्हणत होती, दुसरी पर्यावरण म्हणत होती. टेबलावर नमुन्याला ठेवलेल्या फळीचे लाकूड कुठून आले, ते कुणी लावले आणि लावणाऱ्याच्या हातात काय पडले, हे तीन तासांत एकानेही विचारले नाही.

माझे म्हणणे आधीच सांगतो, मागाहून गैरसमज नको. बाहेरचे लाकूड यायला माझी हरकत नाही, त्यावर बंदी घालू नये. पण ते आल्याने जंगल वाचते ही समजूत खोटी आहे. तुटते ते दुसऱ्या कुणाचे तरी जंगल असते. सीमाभागातल्या सुताराचे, शेतकऱ्याचे आणि घर बांधणाऱ्याचे भले दोन गोष्टींत आहे. लाकूड कुठलेही असो, ते कायदेशीर तोडलेले आणि नीट चिकटवलेले आहे याची खात्री करूनच ते दारात यावे. आणि आपल्या बांधावर झाड लावणाऱ्याला ते जितके सहज लावता आले, तितकेच सहज तोडता आणि विकता यावे. पहिले काम बंदरावर करायचे, दुसरे तालुक्याच्या ठिकाणी. दोन्ही होत नाहीत आणि आपण देशी की विदेशी एवढेच घोळत बसलो आहोत.

मुळात ही वस्तू काय आहे ते पाहू, कारण निम्मे भांडण ते न कळल्यामुळे आहे. ओंडका गरम पाण्यात मऊ करायचा, मशीनवर फिरवत गुंडाळलेली चटई उलगडावी तसा त्याचा पातळ पापुद्रा काढायचा, ते पापुद्रे एक उभा एक आडवा असे रचून, मध्ये रेझिन म्हणजे चिकटवणी लावून गरम दाबाखाली चिकटवायचे. हा झाला प्लाय. उभ्या-आडव्या रचनेमुळे तो लाकडासारखा फुगत नाही की तडकत नाही. सगळे पापुद्रे एकाच दिशेने लावले की चौकटी-तुळयांना चालणारे एलव्हीएल होते. लाकडाच्या पट्ट्या एकावर एक चिकटवून केलेली तुळई म्हणजे ग्लुलॅम. तिच्या वाकवलेल्या कमानींचे पेटंट जर्मनीतल्या ऑटो हेट्झरने १९०६ मध्येच घेतले होते. फळ्यांचे थर उभे-आडवे चिकटवून अख्ख्या भिंतीएवढा पाट केला की सीएलटी. ग्लुलॅम आणि सीएलटी वापरून नॉर्वेतल्या ब्रुमुंडाल गावात २०१९ मध्ये ८५ मीटर उंचीची, १८ मजल्यांची इमारत उभी राहिली आणि लोक तिच्यात राहत आहेत.

या साऱ्यात आपल्या कामाची गोष्ट एकच: यातल्या कशालाही जुने, जाड, सरळसोट झाड लागत नाही. पूर्वी लागत असे. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ मध्ये बांधलेले ट्रिंकोमाली हे जहाज मलबारी सागाचे. ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. तसल्या कामाला कित्येक पिढ्या उभा असलेला सागच हवा. १८८० च्या दशकात रेल्वे लोंढ्यापर्यंत आली तेव्हा रुळांखाली घालायला लाकूड लागले, आणि पुढे अळणावर-दांडेली मार्ग तर जंगलातले लाकूड वाहण्यासाठीच टाकला गेला. आपल्या आजोबांच्या घराचे आढे एका अखंड किंदळाचे असे, कारण दुसरा उपायच नव्हता. आज सहा-सात वर्षांचा, वीतभर जाडीचा सोट मशीनवर चढतो आणि त्यातून आढ्याएवढी भक्कम तुळई निघते. लाकूड म्हणजे जंगल हे समीकरण या तंत्राने मोडले. आपल्या बैठकांत मात्र ते अजून घट्ट बसून आहे, म्हणूनच एकाला जंगल तोडायची भीती वाटते आणि दुसऱ्याला आयातीची.

जंगलाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा हलका नाही, हे मात्र कबूल केलेच पाहिजे. सरकारी जंगलातून सवलतीत माल मिळणार नाही, तो शेतकऱ्यांकडून पिकवून घ्या, असे उद्योगांना १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने बजावले. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मंजूर कार्ययोजनेबाहेरची सारी तोड थांबवली आणि करवत गिरण्या, प्लायवूडचे कारखाने परवान्याच्या चौकटीत आले. दांडेलीत एकेकाळी प्लायवूडचा कारखाना होता, आज नाही. लोंढा, नागरगाळीच्या रस्त्यावर ओंडक्यांनी भरलेल्या ट्रकांच्या रांगा ज्यांनी लहानपणी पाहिल्या, त्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही. म्हादई आणि मलप्रभा याच तालुक्यात उगम पावतात. भीमगडच्या बारापेडे गुहांत रॉटनचे वटवाघूळ राहते, जे साऱ्या जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या ठिकाणी सापडते. हे जंगल कारखान्यासाठी पुन्हा उघडा असे कुणी म्हणाले तर मी त्याच्या विरोधात उभा राहीन. जंगलालगत गिरणीला परवाना मिळत नाही, तेही योग्यच आहे.

पण गरज काय निकालाने कमी होते? ती बंदरांकडे वळली. कांडल्याशेजारचे गांधीधाम करवत गिरण्यांचे गाव बनले; मंगळुरूला, तुतिकोरिनला ओंडके उतरू लागले. आणि तोड गेली कुठे, हे विचारायला आपण विसरलो. हाच प्रकार चीनमध्ये आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या प्रमाणावर घडला. १९९८ मध्ये यांगत्से नदीला महापूर आला, उघडे पडलेले डोंगर त्याला जबाबदार धरले गेले आणि चीनने आपल्या नैसर्गिक जंगलांतली तोड टप्प्याटप्प्याने थांबवली. त्याचे डोंगर सावरले. त्याचबरोबर तो ओंडक्यांचा जगातला सर्वांत मोठा गिऱ्हाईक झाला, आणि रशियाच्या पूर्वेकडची, म्यानमारची, सॉलोमन बेटांची झाडे त्याच्या गिरण्यांत जाऊ लागली. म्यानमारच्या सागाचे मोठे गिऱ्हाईक तर आपणच होतो. बेळगावच्या टिळकवाडीत काय नि खानापुरात काय, 'बर्मा टीक'ची चौकट आजही अभिमानाने दाखवली जाते. १ एप्रिल २०१४ पासून म्यानमारने ओंडक्यांची निर्यात बंद केली, तोवर तिथले सागाचे जंगल फार विरळ झाले होते. बारापेडेतले वटवाघूळ आपले आणि बोर्निओ बेटाच्या जंगलातला ओरांगउटान वानर परका, हे कुठले निसर्गप्रेम?

या दुखण्याचे मूळ समजून घ्यायला लांब जायला नको. १९५० च्या दशकात दांडेलीला कागद कारखाना आला. त्याला उत्तर कन्नडच्या जंगलातला बांबू टनाला दीड रुपया दराने दिला गेला, हे पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी पुन्हा पुन्हा लिहून ठेवले आहे. टोपल्या-सुपे विणणाऱ्या बुरुडाला मात्र तोच बांबू बाजारात शेकडो पटींनी महाग पडत होता. परिणाम काय झाला? बांबू हटत गेला तसा कारखाना दूरदूरच्या जंगलांकडे सरकत गेला, आणि शेतकऱ्याने बांबूचे एक बेट लावले नाही. का लावावे? दीड रुपयाला टन मिळत असताना त्याच्या बेटाला कोण विचारणार होते? ही गोष्ट मला आजच्या वादात सर्वांत महत्त्वाची वाटते. झाड वाढवायला जो खर्च येतो त्याच्याहून लाकूड स्वस्त मिळू लागले की झाड लावणारा संपतो. ते स्वस्त लाकूड सरकारी जंगलातून आलेले असो की परदेशातल्या चोरट्या तोडीतून, शेतकऱ्याच्या दृष्टीने फरक शून्य. अमेरिकेने २००८ मध्ये आपल्या जुन्या लेसी कायद्यात दुरुस्ती करून बेकायदा तोडलेले लाकूड विकणे हा गुन्हा ठरवला. युरोपीय संघात २०१३ पासून आयातदारालाच लाकडाच्या मुळाची चौकशी करून ठेवावी लागते. आपल्याकडे केंद्राने २०२३ च्या अखेरीस वन आणि लाकूड प्रमाणन योजना सुरू केली खरी, पण ती ऐच्छिक आहे. मंगळुरूला उतरलेले हे लाकूड कुठल्या जंगलातले, असे आयातदाराला बंधनकारकपणे विचारणारा कायदा आपण केलेला नाही. माझ्या मते आयात कराच्या टक्क्यांवर जेवढे बोलले जाते त्याच्या निम्मे जरी यावर बोलले गेले तरी बांधावरच्या झाडाला भाव येईल.

आता स्वदेशीवाल्यांकडे. त्यांचेही म्हणणे पोकळ नाही. १ जानेवारी २०१० पासून आग्नेय आशियातल्या आसियान देशांशी व्यापार करार लागू झाला आणि तिथला प्लाय कराच्या ओझ्यातून सुटत गेला. चीन, मलेशिया, थायलंडमधून येणाऱ्या एमडीएफवर केंद्राला अँटी-डंपिंग शुल्क लावावे लागले, म्हणजे तिकडचे कारखाने पडेल भावाने माल ओतत होते ही तक्रार चौकशीत टिकली. ज्या गावात दहा सुतार रंधा मारत होते तिथे आज तयार दरवाजे टेम्पोतून उतरतात आणि सुतार फक्त बिजागऱ्या ठोकतो. हे मी रोज बघतो, ते पाहून पोटात तुटते. शिवाय, निर्बंध घालून उद्योग उभा करता येतो याचे उदाहरणही आहे. इंडोनेशियाने १९८५ मध्ये ओंडक्यांची निर्यात पूर्ण बंद केली, देशातच प्लाय बनवायला लावला आणि काही वर्षांत तो जगातला सर्वांत मोठा प्लाय निर्यातदार झाला.

पण ती गोष्ट तिथेच संपत नाही. निर्यात बंद झाल्याने इंडोनेशियात ओंडका स्वस्त झाला. स्वस्त ओंडक्यावर गरजेपेक्षा कितीतरी जास्त गिरण्या उभ्या राहिल्या, आणि त्या चालू ठेवण्यासाठी कायदेशीर लाकूड पुरेना तेव्हा बेकायदा तोड सुरू झाली. नफा मोजक्या मोठ्या घराण्यांकडे गेला आणि जंगल गेले ते कायमचे. आपण आज आयात बंद केली तर काय होईल? खानापूरच्या सुताराला काम मिळेल? नाही. भाव वाढतील आणि माल हरियाणातल्या यमुनानगरहून किंवा केरळातल्या पेरुंबावूरहून येईल, कारण कारखाने तिथे आहेत. त्या भागांनी ते आयात अडवून मिळवलेले नाहीत. यमुनानगरचा प्लाय हरियाणा, पंजाब आणि पश्चिम उत्तर प्रदेशातल्या गव्हाच्या शेताकडेला उभ्या असलेल्या पॉप्लरचा आहे. १९८० च्या दशकात एका आगपेटी कंपनीने शेतकऱ्यांना रोपे दिली, खरेदीची हमी दिली, तिथून ते झाड रुजले. पेरुंबावूरचा प्लाय चीक देऊन थकलेल्या रबराच्या झाडांवर उभा आहे. दोन्हीकडे आधी शेतात लाकूड आले, मग गिरण्या आल्या. लाकडाच्या आधी आयातीपुढे भिंत घालून उद्योग येत नाही.

आणि भाव वाढले तर भरणार कोण? २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या भागात पाऊस आला तो ज्यांनी पाहिला ते विसरणार नाहीत. मातीच्या भिंती रात्रीतून बसल्या. खानापूर तालुक्यातल्या एका गावी माझ्या नात्यातल्या एका काकूंचे घर असेच गेले. भिंती चिखल होऊन पडल्या होत्या, आणि त्या चिखलावर सगळे छप्पर, आढे, वासे, रिपा, एका तुकड्यात आडवे झाले होते, जणू कुणी हाताने उचलून खाली ठेवले. वासे धुऊन पाहिले तर ऐंशी वर्षांचे किंदळ जसेच्या तसे. नव्या घराला तेवढे लाकूड विकत घ्यायचे तर काकूंची ऐपत नव्हती. तेच वासे वर गेले. दारे-खिडक्यांना, माळ्याला आणि स्वयंपाकघरातल्या फळ्यांना प्लाय घेतला, त्यातला काही बाहेरून आलेला. अशा घरात जाऊन स्वदेशीवर बोलायला माझी जीभ रेटत नाही.

त्या घराच्या वेळी आमच्या मेस्त्रींनी केलेली एक गोष्ट मी पुढे घरे बांधण्याच्या माझ्या प्रत्येक कामावर करत आलो. त्यांनी चार दुकानांतून प्लायचे चार तुकडे आणले, प्रत्येकावर खिळ्याने खूण केली आणि काकूंच्या चुलीवरच्या अंघोळीच्या हंड्यात सोडले. म्हणाले, "दुकानदार काय बी सांगतंय, आण्णा. हंडा खोटं बोलत नाही गा." तीन दिवस चूल धगधगत ठेवली. चौथ्या दिवशी सकाळी चिमट्याने तुकडे बाहेर काढून ओट्यावर मांडले. पहिला, मलेशियाचा म्हणून महाग विकलेला, कोपऱ्यातून उसवून वहीच्या पानांसारखा उलगडला होता. दुसरा, बिनशिक्क्याचा देशी, हातात घेतल्यावर पापुद्रे वेगळेच झाले. मधल्या थरात दोन बोटे जाईल एवढी फट होती, ती वरच्या गुळगुळीत पापुद्र्याने झाकलेली. तिसरा परदेशी आणि चौथा मानक शिक्क्याचा देशी, हे दोन्ही फुगले नव्हते, धार तशीच. मेस्त्रींनी चौथ्यावर पटाशी लावून ठोकले, तेव्हा लाकूड फुटले पण चिकटवणीची रेघ सुटली नाही. मरीन प्लायच्या आयएस ७१० या मानकात नमुना ७२ तास उकळायचीच परीक्षा आहे. ती ज्याने कधी वाचली नव्हती त्या माणसाने ती हंड्यात केली. त्या चार तुकड्यांत देश शोधायला गेलात तर काहीच हाती लागत नाही. फरक होता तो रेझिनचा आणि आतल्या थरांचा.

म्हणून केंद्राने गेल्या काही वर्षांत प्लाय, दरवाजे आणि लाकडी बोर्डांना भारतीय मानक ब्युरोचा (बीआयएस) शिक्का सक्तीचा करणारे गुणवत्ता नियंत्रण आदेश काढले, त्याचे मी स्वागत करतो. कुठल्याही देशाचा माल याच चाळणीतून जावा. लहान कारखानदार म्हणतात की परवान्याचा, प्रयोगशाळेचा खर्च आम्हाला झेपत नाही, मोठ्या कंपन्यांचेच फावते. हे खरे आहे, आणि त्याला उत्तर सवलत देणे हे नसून तपासणी जवळ आणणे हे आहे. या विषयातली जाणती सरकारी संस्था, लाकूड विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्था, बंगळुरूला, पाचशे किलोमीटरवर. बेळगावात तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय आहे, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत ओतकामाची कसोशीने तपासणी करणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. प्लाय उकळायची, दाबायची आणि त्यातून सुटणारा फॉर्मल्डिहाइड मोजायची सोय इथे उभी करायला कितीसे लागते? तो वायू म्हणजे नव्या कपाटाच्या वासाने डोळे चुरचुरतात तोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला माणसात कर्करोग करणारा म्हणून नोंदवले आहे. बाळंतिणीच्या खोलीत आपण तसले कपाट आणून ठेवतो आणि भांडतो ते देश कुठला यावर.

राहिला शेतात लाकूड पिकवण्याचा प्रश्न. यावरचा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो, कारण तो अनुभवातून आलेला आहे. सलग निलगिरीने विहिरी आटल्याच्या तक्रारी कर्नाटकभर होत्या आणि राज्याने २०१७ मध्ये तिच्या नव्या लागवडीवर बंदी घातली. वनखात्याने डोंगर झाकायला लावलेल्या ऑस्ट्रेलियन अकेशियाखाली गवताची काडी उगवत नाही, हे खानापूरचे गुराखी सांगतात. आणि भाव? २००० नंतर पॉप्लरचे भाव कोसळले तेव्हा उत्तरेतल्या शेतकऱ्यांनी उभी झाडे उपटून टाकली. ऊस वर्षभरात पैसे देतो; झाडाला सहा-सात वर्षे थांबायचे आणि शेवटी व्यापारी म्हणेल तो भाव घ्यायचा, कोण घेईल हा धोका?

सलग लागवडीविरुद्धचे हे सगळे मला मान्य आहे. मी बोलतो आहे ते बांधाबद्दल. आपल्याकडे बांधावर झाड नवीन नाही. आंबा, फणस, साग, सुरू पूर्वीपासून आहेत. चार एकरांच्या बांधावर मेलिया (मलबारी कडुनिंब), सिल्व्हर ओक, सुरू अशी मिसळ चाळीस-पन्नास झाडे बसतात आणि उसाला ती आड येत नाहीत. कोडगूच्या (कूर्गच्या) कॉफीमळ्यांत सिल्व्हर ओक सावलीसाठी लावतात आणि त्याचाच प्लाय होतो, हे कर्नाटकातलेच उदाहरण आहे. भाव कोसळण्याची भीती खरी, पण बांधावरच्या झाडाची एक सोय अशी की भाव नसेल तेव्हा ते उभे ठेवता येते. ते तिथेच थांबून जाड होते. उसाला ती मुभा नाही, कारखान्याची तोड चुकली की वजन गेले. उसाचे निघालेच म्हणून सांगतो: बेळगाव जिल्हा साखर कारखान्यांनी भरलेला आहे आणि चिपाडांपासून पार्टिकल बोर्ड, म्हणजे चुरा चिकटवून दाबलेली फळी, होतो. भारतीय मानक आयएस ३०८७ मध्येच लाकडाबरोबर इतर तंतुमय पदार्थ धरलेले आहेत. आज बहुतेक चिपाडे बॉयलरमध्ये जातात आणि वीज विकून कारखान्याला पैसा मिळतो, त्यामुळे बोर्डाला ती परवडतील का याचा हिशेब घालावा लागेल. पण तो हिशेब कुणी मांडलेला तरी मी इथल्या सभांत ऐकलेला नाही.

बांधावरच्या झाडाचा खरा अडसर पाणी किंवा भाव यांच्याही आधी येतो. तो कागदाचा आहे. स्वतः लावलेला साग तोडायचा तर अर्ज, पाहणी, मोजणी, ओंडक्यावर हातोड्याचा शिक्का, मग वाहतुकीचा पास. काही जातींना सूट आहे, पण कुठल्या जातीला कुठल्या जिल्ह्यात, हे शेतकऱ्याला ठाऊक नसते. आणि आमचा भाग तर सीमेवरचा. खानापूरचे लाकूड महाराष्ट्रातल्या चंदगडच्या वखारीत न्यायचे म्हणजे तासाभराचा रस्ता आणि दोन राज्यांचे नियम. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने मुलीच्या लग्नासाठी वडिलांनी लावलेले अकरा साग विकायचे ठरवले. परवानगी हातात पडली तेव्हा लग्नाला सात महिने होऊन गेले होते, कर्जावर व्याज चढले होते. त्यानंतर त्याने बांधावर एकही रोप लावले नाही. एवढ्या कडक कागदपत्रांनी जंगलातली चोरी थांबते, हा वनखात्याचा युक्तिवाद मी समजू शकतो; जंगलातला साग बांधावरचा म्हणून खपवला जातो हे घडलेले आहे. पण त्याची किंमत झाड लावणाऱ्या माणसाने मोजावी आणि न लावणारा मोकळा राहावा, हे उलटेच नाही का झाले? २०१७ मध्ये केंद्राने जंगलाबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून काढला तेव्हा जंगल लुटले जाईल असे इशारे दिले गेले. आज तो शेतकरी उघडपणे लावतो आणि विकतो. डिसेंबर २०२३ मध्ये देशभर एकच ऑनलाइन वाहतूक पास सुरू झाला. लावतानाच तलाठ्याकडे झाडाची नोंद, तोडताना त्या नोंदीवरून पास, आणि तो पास चंदगडच्या नाक्यावरही तितकाच चालणारा, एवढे झाले तरी पुरे. १९९३ मध्ये केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने पर्यावरणाच्या नावाखाली इमारतींत लाकूड वापरायला बंदी घातली होती, ती उठायला २०२० उजाडले. त्या सत्तावीस वर्षांत सरकारी इमारतींच्या चौकटी लोखंडाच्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या झाल्या. त्या धातूंच्या भट्ट्यांचा धूर कुणी मोजला नाही.

परवा त्याच शेतकऱ्याकडे गेलो होतो, काकूंच्या गावाशेजारीच त्याचे शेत आहे. धाकट्या मुलाने कुठून तरी मेलियाची साठ रोपे आणली होती, गोणपाटावर पाणी मारून सावलीत ठेवली होती. मुलगा खड्डे मारायला निघाला होता आणि बाप पायरीवर बसून होता. मला म्हणाला, "आण्णा, तुम्ही घरं बांधता. सहा वर्षांनी हे तोडलं तर तुम्ही घेशीला का?" मी म्हटले, घेईन. तो म्हणाला, "घ्यायचं नंतर बघू. तोडू देतील का ते विचारून सांगा. तोवर रोपं सावलीतच राहतील." मी त्याच्याकडून सात-बाराचा उतारा घेतला आहे. सोमवारी तालुक्याला जाणार आहे.